कोरडी पूजा

दादा गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत माणसं येऊ लागली. बहुतेक कारखान्यातली. पावसाचे दिवस, दारात छत्र्यांचा ढीग, ओसरीवर ओल्या चपला. येणारा प्रत्येक जण सतरंजीवर बसायचा आणि साधारण एकच गोष्ट सांगायचा. असा केमिस्ट पुन्हा होणे नाही. अ‍ॅसिडच्या कारखान्यात इतकी वर्षं काढली, पण त्यांच्या हातून एक थेंब सांडला नाही. आणि मग जरा आवाज उतरवून म्हणायचा, तो एक प्रकार झाला खरा, पण तो त्या मिस्त्रीचा निष्काळजीपणा.

मी मान हलवत असे. वहिनी आतल्या दाराशी बसलेल्या असत. त्यांच्याकडे मी पाहत नसे.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, आईही गेली, आणि मला वाढवलं ते त्यानं. माझं अक्षर त्याच्या अक्षरावरून गिरवलेलं आहे. पुस्तकं वाचायची सवय त्याची. जेवताना ताटात काही टाकायचं नाही आणि वहीत काही खोटं लिहायचं नाही, ही त्याची दोन व्रतं. देव-धर्म त्यानं कधी फारसा मानला नाही. मी इंटर सायन्स झाल्यावर त्यानंच मला आपल्या हाताखाली प्रयोगशाळेत घेतलं.

आमचा कारखाना खाडीच्या काठाला होता. खताचा. दगडाची पूड करायची, तीत गंधकाचं अ‍ॅसिड मिसळायचं, ते मिश्रण मोठ्या बंद खोलीत थंड होऊ द्यायचं आणि मग फोडून पोत्यांत भरायचं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. धान्य रेशनवर होतं आणि जो तो खताबद्दल बोलत होता. शेतात पडल्यावर ते खत निरुपद्रवी, पण ते बनवताना जी वाफ उठते ती नाकाडोळ्यांना सोसवत नाही. शिवाय मूळ अ‍ॅसिडची भली मोठी लोखंडी टाकी अंगणात चौथऱ्यावर उभी. तिच्याखाली दगडी खड्डा, सांडलंच तर मारायला खड्ड्यात चुनखडी, बाजूला चुन्याची पोती. हे सगळं दादानं करवून घेतलेलं.

तो मला म्हणाला होता, "आपलं काम कोणाला दिसत नाही. जे घडलं नाही ते दाखवणार कसं? पण आपल्याला पगार त्याचाच आहे."

टाकीवर प्रत्यक्ष हात मात्र मिस्त्रींचा. ते शेजारच्याच गावचे, खाडीवरच्या कोळ्यांपैकी. वडील मासे मारायचे, हे मुंबईच्या गोदीत नळजोडणी शिकून आलेले. वाचता बेताचं येई, पण वारा त्यांना कळायचा. फाटक्या जाळ्याचा तुकडा त्यांनी एका बांबूला बांधून ठेवला होता. तो गावाकडे उडू लागला की ते मिश्रणाचं काम थांबवायला लावत. थांबवणं अगदीच अशक्य असेल तर दुसऱ्या बांबूवर लाल फडकं चढवत. ते पाहून बांधावर जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घालणाऱ्या बायका पसारा उचलून पलीकडे जात. हा करार कुठे लिहिलेला नव्हता. मिस्त्रींच्या शब्दावर तो चालत होता.

"मिस्त्री, तुमच्या गावच्या बायकांपायी माझं उत्पादन कमी होतं," दादा चेष्टेनं म्हणे.

"साहेब, उत्पादन कमी झाला तर शेट बोलंल. जवला जलला तर माजी आयस बोलंल. तुमीच सांगा, कोनाला भ्यायचा?"

दादा हसायचा आणि काम थांबवायचा. त्या दोघांकडे पाहून मला वाटे, शहाणपण दोन प्रकारचं असतं आणि दोन्ही इथे एकाच अंगणात आहेत.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं धुऊन पुसून पुजली जात. चक्की, मोटार, तराजू, अगदी फावडीसुद्धा. पाण्याचा पाइप लावून वर्षाची धूळ काढायची, हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. आणि पूजा झाली की यंत्राला हात लावायचा नाही, तो दसरा उलटेपर्यंत. ही चाल सगळ्याच कारखान्यांत आहे. अ‍ॅसिडच्या टाकीपुरती मात्र दादानं तिला मुरड घातली होती. त्याचं कारण त्यानं सर्व माणसांना अंगणात बसवून एकदा समजावलं होतं. जोवर अ‍ॅसिड कडक आहे तोवर ते लोखंडाला फारसं खात नाही, म्हणून लोखंडी टाकी चालते. त्यात पाणी गेलं की ते तापतं, सौम्य होतं, आणि सौम्य झालेलं अ‍ॅसिड लोखंड खातं. पाणी मिसळायची जागा वेगळी, शिशाचं अस्तर असलेल्या पिंपात. टाकीवर पाण्याचा थेंब नको.

म्हणून टाकीची पूजा कोरडी. मिस्त्री सुक्या गोणपाटानं ती पुसत. कोरडी हळद, कोरड्या अक्षता, माळेवरचं पाणी झटकून मगच माळ घालायची. नारळ टाकीपासून लांब, फाटकापाशी फोडायचा. चौथऱ्यामागच्या भिंतीवर दादानं स्वतः रंगानं लिहिलं होतं : येथे पाणी वापरू नये. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी तीच रीत झाली.

तिसऱ्या वर्षी शेटजी पाहुणे आणणार होते. कारखाना वाढवायचा होता, दुसरी टाकी बसवायची होती, आणि त्यासाठी पैसे घालणारी दोन माणसं पूजेला येणार होती. वाढलेल्या कारखान्याचा मॅनेजर दादा होणार, हे घरी वहिनींनाही ठाऊक होतं. सकाळी शेटजी लवकर आले. धुतलेल्या अंगणात फिरले आणि टाकीपाशी थांबले. पावसाळ्यानं तिच्यावर गंजाचे आणि पिवळट पुडीचे ओघळ आले होते. गोणपाटानं ते निघाले नव्हते.

"हिला काय सुतक आहे का?" शेटजी म्हणाले. "सगळी आंघोळ करून बसलीत, हीच पारोशी."

"आम्ही ती कोरडीच पुसतो," दादा म्हणाला.

"ते तुमचं शास्त्र पाहुण्यांना सांगत बसू का? अकराला येतील ते. त्यांना दाखवायचीच आहे टाकी."

शेटजी पुढे गेले. दादानं घड्याळ पाहिलं. मी त्याच्या मागेच उभा होतो, हातात नमुन्याच्या बाटल्या. मिस्त्री शिडीपाशी गोणपाट घेऊन उभे होते.

"मिस्त्री," दादा म्हणाला, "बाहेरून धुऊन घ्या. वरचं झाकण तेवढं घट्ट करा."

"झाकनाचा रबर गेलाय साहेब. पावसापासून बोलतोय मी."

"फडकं बांधा वरून."

"फडक्यानं पानी थांबतंय का?"

"मिस्त्री, एवढ्या एका वर्षी."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काही मागणं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही. मला वाटलं, दादाला आपल्यापेक्षा जास्त कळतं. मी बाटल्या घेऊन आत गेलो. खिडकीतून दिसलं, मिस्त्रींनी झाकणाला फडकं गुंडाळलं, वर सुतळी आवळली आणि पाइप हातात घेतला. दुसऱ्या कोणाच्या हाती त्यांनी तो दिला नाही. आपण काळजीनं धुऊ, दुसरा धुणार नाही, असा त्यांचा विचार असावा. पण गंज वरच्याच अंगाला होता, आणि पाणी वरूनच सोडावं लागलं.

अकरा वाजता टाकी काळीभोर चमकत होती. पाहुण्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं.

रोज सकाळी टाकीच्या तोंडातून मापाची काठी घालून पाहणं माझं काम होतं. किती अ‍ॅसिड आहे हे तर तीवरून कळेच, पण आत काही बिघडलं असेल तर तेही कळे. काठी गरम लागते, वास बदलतो. नवमीला पूजेनंतर ते काम बंद झालं. दसऱ्याच्या सकाळी मला घरी राहवेना.

"दादा, मी जाऊन एकदा काठी घालून येऊ का?"

तो दाढी करत होता. आरशातून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"उद्या बघू. पूजा झालेल्या यंत्राला हात लावत नाहीत."

हे वाक्य दादाच्या तोंडून आलं होतं. मी त्याच्याकडे पाहत राहिलो, त्यानं वस्तरा पुसला आणि दुसऱ्या गालाला साबण लावला. संध्याकाळी त्यानं मला आपट्याचं पान दिलं, मी त्याच्या पाया पडलो.

त्या एका वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. टाकी धुवायला सांगितली ती घाईत, मोहात, शेटजींच्या भिडेनं. तेवढं मी कोणालाही माफ करीन. पण दसऱ्याच्या सकाळी त्याला घाई नव्हती. काठी घातली असती तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर ज्यांनी टाकी पाहून काल मान डोलावली त्यांना बोलावून सांगावं लागलं असतं. ते टाळायला त्यानं ज्या चालीवर त्याचा विश्वास नव्हता तिचा आडोसा घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आमच्या आधी पोचले होते. टाकीच्या वरच्या अंगाला, जिथवर आतलं अ‍ॅसिड येत होतं त्या रेषेवर, रिवेटांच्या ओळीतून पाझर लागला होता. वारा गावाकडे होता. त्यांनी आधी लाल फडकं चढवलं, मग चुन्याची पोती ओढून खड्ड्यात रिकामी करू लागले. आम्ही फाटकातून आत शिरतो तोच शिवण उसवल्यासारखी ती ओळ खालपर्यंत उघडली. अ‍ॅसिड खड्ड्यात मावलं नाही. ते उसळून शेजारच्या दगडाच्या पुडीत गेलं आणि तिथून पांढरा धूर उठला, जाड, जमिनीलगत चालणारा. उरलेलं गटारातून खाडीला मिळालं.

मिस्त्री त्या धुरात दोनदा गेले. पहिल्यांदा गटाराचं तोंड चुन्यानं बुजवायला, दुसऱ्यांदा पुडीवर ताडपत्री ओढायला. दुसऱ्यांदा त्यांना दोघांनी ओढून बाहेर काढलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता आणि खोकला थांबत नव्हता. तो पुढे कधीच पुरता थांबला नाही.

माणूस कोणी गेलं नाही. ज्या बायकांनी फडकं पाहिलं त्या निघाल्या होत्या. ज्यांना वाटलं सणानंतर कारखाना आज कुठला चालू असणार, त्या बसून राहिल्या, आणि त्यांचे डोळे आठवडाभर सुजलेले होते. बांधावरचा जवळा गेला. खाडीत त्या भरतीला मासे पोट वर करून आले आणि पुढचा हंगामभर त्या काठाला जाळं टाकण्यात अर्थ राहिला नाही.

चौकशी कारखान्याच्याच ऑफिसात झाली. मुंबईहून एक अधिकारी आले होते. सभ्य गृहस्थ, कपाळाला अमृतांजन लावलेलं. दादा त्यांना म्हणाला, "टाकीला पाणी लावायचं नाही हा माझा नियम आहे. तीन वर्षं आहे. भिंतीवर लिहिलेला आहे." अधिकारी खिडकीतून बघून आले. खरंच लिहिलेला होता.

मग मला बोलावलं.

"हा नियम तुम्हांला माहीत होता?"

"हो."

"मिस्त्रींना?"

"हो."

"त्या दिवशी पाइप कोणाच्या हातात होता?"

मी दादाकडे पाहिलं. तो आपल्या हातांकडे पाहत होता.

"मिस्त्रींच्या."

"ठीक आहे," ते म्हणाले आणि लिहू लागले.

त्या खोलीत एकही खोटं वाक्य बोललं गेलं नाही. वहीत खोटं लिहायचं नाही, हे व्रतही मोडलं नाही.

मिस्त्री तेव्हा दवाखान्यात होते. कामावरून काढल्याचं त्यांना तिथेच कळलं. पुढच्या महिन्यात दादा मॅनेजर झाला. मी दोन महिन्यांनी नोकरी सोडली आणि कल्याणला एका शाळेच्या ग्रंथालयात लागलो. दादानं कारण विचारलं नाही. आम्ही एकाच घरात राहत होतो, शेजारी पाट मांडून जेवत होतो, तो मला नवी पुस्तकं आणून देत होता. त्या दिवसाबद्दल तो एक शब्द बोलला नाही आणि मीही बोललो नाही. हे पाच वर्षं चाललं. मग एका सकाळी अंगात सदरा घालताना तो खाली बसला, आणि उठला नाही.

पाचव्या दिवशी मिस्त्री आले. पायरीवरच उभे राहिले. पाऊस लागत होता तरी आत येईनात.

"साहेब गेले कललं," ते वहिनींना म्हणाले. "चांगला मानूस."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. सतरंजीवर कारखान्याचे दोघे जण बसले होते. त्यांनी मिस्त्रींना ओळखलं आणि दुसरीकडे पाहिलं. मी छत्री घेऊन बाहेर आलो. आम्ही दोघे विहिरीपर्यंत चालत गेलो. ते खोकत होते. उजव्या हाताची बोटं आखडलेली होती.

"एक मागायला आलोय," ते म्हणाले. "पैशे नकोत. नोकरी तर आता जमायची नाय. तुमी एकदा गावान या. देवलासमोर चार मानसांत बोला, पानी कोनी मारायला सांगितला ते."

मग त्यांनी सांगितलं. नारळी पुनवेला गावातल्या प्रत्येक घरचा नारळ देवळात जमतो आणि तिथून वाजतगाजत खाडीला जातो. खाडी मेली त्या वर्षापासून गावानं त्यांच्या घरचा नारळ घेणं बंद केलं होतं. ज्याच्या हातानं खाडीत विष गेलं, त्याच्या हातचा नारळ खाडीला कसा द्यायचा? गावाच्या बाजूनं पाहिलं तर त्यात चूक नव्हती. पाच वर्षं त्यांची म्हातारी आई पुनवेला दार लावून घरात बसत होती.

"तुम्ही सांगितलं नाही का त्यांना?"

"सांगितला की. बोल्ले, आपली चूक आपल्या तोंडानं कोन सांगल? साक्षीदार आन." ते माझ्याकडे वळले. "तुमी व्हतात ना तिथं. बाटल्या घेऊन."

"होतो."

"मंग?"

"मिस्त्री, इतकी वर्षं का आला नाहीत?"

"साहेब जिते व्हते तवर तुमच्यावर भावाचा वजन व्हता. ते मना दिसत व्हता. आता उतरला असंल तर या. पुनव सात दिवसांवर आलीय."

ते चालू लागले.

दोन दिवस मी काही केलं नाही. माणसं येत होती, तीच गोष्ट सांगत होती, मी मान हलवत होतो. सातव्या दिवशी दुपारी घर रिकामं झालं तेव्हा मी वहिनींसमोर बसलो. दादा जाऊन आठवडाही झाला नव्हता. हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगावं ते मला सुचत नव्हतं. मी चाचरत सुरुवात केली, खंडेनवमीच्या सकाळपासून.

"भाऊजी, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"त्यांनी सांगितलं होतं मला. दसऱ्यालाच. रात्रभर झोपले नाहीत. आणि चौकशीच्या आदल्या दिवशी मी विचारलं, त्या अधिकाऱ्यांनी भाऊजींना विचारलं तर? तर म्हणाले, त्याची काळजी नाही. विचारतील तेवढंच सांगेल तो. माझ्या शब्दाबाहेर नाही."

वहिनींनी हे रागानं सांगितलं नाही, दुःखानंही नाही. पाच वर्षं जपून ठेवलेली वस्तू परत द्यावी तसं सांगितलं. इतके दिवस मी समजत होतो की त्या खोलीत मी आपल्या मनानं गप्प बसलो. भ्यालो असेन, भिडेला पडलो असेन, पण ते माझं गप्प बसणं होतं. आता कळलं, तेही त्यानं आधीच हिशेबात धरलेलं होतं. मला वाढवलं, शिकवलं, माझी जीभ कुठे थांबते ते त्याला माझ्याहून नीट ठाऊक होतं, आणि ते त्यानं वापरलं. टाकीतलं अ‍ॅसिड त्यानं जेवढं ओळखलं होतं तेवढंच मला.

"तुम्ही जाणार असाल तर मी नाही म्हणणार नाही," वहिनी म्हणाल्या. "फक्त आज या घरात बोलू नका कोणापाशी. बाहेर बोला."

मी त्याच दुपारी निघालो. सुतकात देवळाजवळ जाऊ नये, म्हणून मी आवाराबाहेर, बांधावर उभा राहिलो. मिस्त्रींनी गावातली पाच-सहा जाणती माणसं बोलावून आणली. मागे बायका उभ्या होत्या. मिस्त्रींची आई एका ओंडक्यावर बसली होती. मी लिहून नेलं होतं, पण कागद पावसानं चिकटला, म्हणून तोंडीच सांगितलं. शेटजी काय म्हणाले, दादा काय म्हणाला, झाकणाचं रबर, फडकं. दसऱ्याची सकाळही सांगितली, जी मिस्त्रींनाही ठाऊक नव्हती. त्यांनी एकदम मान वर केली.

"काठी घालून बगनार व्हते तुमी?" त्यांनी विचारलं.

"विचारलं होतं. तो नको म्हणाला."

मिस्त्री खाली बसले. दोन वर्षं एका माणसाबरोबर टाकीची कोरडी पूजा केली, आणि तो माणूस पूजेचं नाव सांगून घरी बसला, हे त्यांना हाताच्या जखमेपेक्षा जड गेलं असावं. मी ते सांगायला नको होतं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

गावातला एक म्हातारा माझ्याकडे पाहत होता. "तुजा भाऊस जिता असता," तो म्हणाला, "तर आला असतास का तू इथं?"

मला एखादं बरं उत्तर देता आलं असतं. विचारतील तेवढंच सांगायची मला सवय होती.

"नसतो आलो," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं मान हलवली. मग मिस्त्रींकडे वळून म्हणाला, "पुनवेला नारल आन. सगल्यांच्या मागना येईल, पन आन."

"मागना का?" मिस्त्रींची आई ओंडक्यावरून म्हणाली. "पाच वर्सांचे पाच बाकी हायत माजे. आदी ते घ्या."

बायकांत कोणीतरी हसलं. म्हाताऱ्यानं मान पुन्हा हलवली.

परत येताना मी बांधावरून, कारखान्याच्या कडेनं आलो. तारेच्या कुंपणातून अंगण दिसत होतं. जुन्या टाकीच्या जागी दोन नव्या टाक्या होत्या. मागची भिंत तीच होती. पाच पावसाळ्यांनी रंग थोडा उतरला होता, तरी लांबून वाचता येत होतं : येथे पाणी वापरू नये. अक्षर फार सुरेख होतं. ‘ण’ची गाठ, ‘य’चा बाक, सगळं माझ्या हातात जसं आहे तसं.